कंपवात आणि दृष्टी



जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णिलेला कंपवात हा केवळ हातापायांचा आजार नव्हे. मेंदूत ज्या डोपामिनच्या उणिवेमुळे हालचाली मंदावतात, तेच द्रव्य डोळ्याच्या पडद्यातील म्हणजे दृष्टिपटलातील काही पेशीही निर्माण करतात. प्रकाश-छायेतील भेद व रंगांच्या छटा टिपण्यास ते साहाय्यभूत होते. म्हणूनच चष्म्याचा नंबर अचूक असूनही रुग्णाला फिकट अक्षरे पुसट भासतात, संधिप्रकाशात पायरीची कड उमगत नाही. पापण्या कमी लवल्याने डोळे कोरडे पडतात. जवळचे वाचताना दोन्ही डोळे एकत्र न वळल्यास अक्षरे दुहेरी दिसतात.

अशा वेळी स्वाध्यायाचा ग्रंथ मिटून ठेवणाऱ्या वृद्धास आळशी ठरविणे हा अन्याय होय. नेत्रतज्ज्ञांना कंपवाताची व चालू औषधांची माहिती अवश्य द्यावी. औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. मोठ्या, ठळक अक्षरांचा ग्रंथ, पुरेसा उजेड व पायऱ्यांच्या कडेला उठून दिसणारी पट्टी, एवढे प्रत्येक घरी व मंदिरात सहज करता येईल. ईर्यासमिती पाहून पाऊल टाकण्यास सांगते. ज्यांना नीट दिसत नाही त्यांची वाट उजळणे हीसुद्धा जीवदयाच होय.