यंत्रांचा मस्टर कोणाच्या हाती?

(संगणक केंद्रांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'क्लाउड' हा शब्द ऐकला की काहीतरी आकाशात तरंगते आहे असे वाटते. तसे काही नाही. मुंबई, हैदराबाद, चेन्नई येथे मोठमोठ्या इमारती आहेत, त्यांत संगणकांच्या रांगा आहेत, आणि तेथे पाळीवर माणसे आहेत. ती माणसे म्हणजे आपण.

एका मोठ्या संगणकाचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडायचे आणि प्रत्येक भागाने स्वतंत्र संगणकासारखे वागायचे, याला आभासी यंत्र म्हणतात. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली ती आपल्या मोठ्या संगणकांवर बाजारात आणली होती. अ‍ॅमेझॉनने २००६ पासून अशी यंत्रे भाड्याने देण्यास सुरुवात केली आणि २००९ साली ती गटाने आपोआप वाढवण्या-घटवण्याची सोय दिली. आज गूगल आणि मायक्रोसॉफ्टकडेही हीच सोय वेगळ्या नावांनी मिळते.

गटाचे काम समजायला गिरणीचा दरवाजा आठवा. सकाळी किती कायम कामगार आले ते पाहून बदलीवाल्यांना आत घेत. येथेही तसेच. आधी यंत्राचा एक साचा ठरवतात. मग तीन आकडे भरतात : कमीत कमी किती, सध्या किती आणि जास्तीत जास्त किती. काम वाढले की त्याच साच्यातून नवी यंत्रे उभी राहतात, कमी झाले की बंद होतात. पुढे एक वाटप करणारा असतो. तो आलेले काम सर्वांत विभागतो. जे यंत्र हाकेला ओ देत नाही त्याला गट स्वतःच काढतो आणि दुसरे उभे करतो. म्हणून हिशेबाची नोंद यंत्राच्या पोटात ठेवायची नसते, ती बाहेर ठेवावी लागते. फरक एवढाच की यंत्राला घर नाही, बदलीवाल्याला होते.

ही व्यवस्था वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. रात्री-बेरात्री बंद यंत्रासाठी धावाधाव करावी लागायची, ती वाचली. पण व्यवस्था आपोआप चालते म्हणजे तिला निर्णय कळतो असे नव्हे. आकडे माणसाने भरलेले असतात.

आमच्या पाहण्यातले एक प्रकरण सांगतो. एका संस्थेत पेन्शनच्या दिवशी सकाळी सेवा बंद पडली. रात्री गटात दोनच यंत्रे होती. सकाळी गर्दी झाली, गटाने नवी यंत्रे बोलावली. परंतु काही दिवसांपूर्वी साच्यात एक सुरक्षा तपासणी वाढवली होती, त्यामुळे यंत्र तयार व्हायला पाच मिनिटे लागू लागली. आणि तिसऱ्या मिनिटाला ओ दिली नाही तर यंत्र मेले समजायचे, हा जुना आकडा तसाच राहिला होता. म्हणजे यंत्र उठण्याआधीच मारले जात होते. इकडे जुन्या दोघांवर सगळा भार आला, तीही अडकली, गटाने तीही काढली. मग उरले शून्य.

पाळीवरच्या कंत्राटी ऑपरेटरला हे पडद्यावर दिसत होते. त्याला आकडा बदलण्याचा अधिकार नव्हता. तो फोन करीत राहिला. दीड तासाने अधिकाऱ्याने तीनचे आठ केले आणि सेवा सुरू झाली. मेमो मात्र ऑपरेटरला मिळाला! आम्ही गटाच्या नोंदवहीतील वेळा मांडल्या, तेव्हा तो मागे घेतला गेला.

दुसरा धडा जगाने १९ जुलै २०२४ रोजी घेतला. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा सदोष बदल एकदम सगळीकडे गेला आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक अडले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. गटात बदल टप्प्याटप्प्याने करण्याची सोय असते. आधी एक यंत्र, ते नीट चालले तर पुढची. ही सोय वापरायची की घाई करायची, हे ठरवणारा माणूसच असतो.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट आहेत :

१) गटाचे आकडे आणि त्यातील प्रत्येक बदल पाळीवरच्या माणसाला लेखी कळला पाहिजे.

२) ज्याच्यावर जबाबदारी, त्याला यंत्रे मारणे तात्पुरते थांबवण्याचा अधिकार आणि त्याचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे. कंत्राटी कामगार यातून वगळता कामा नये.

३) साच्यातील बदल आधी एका यंत्रावर तपासला जावा.

४) नोंदवही तपासल्याशिवाय कोणालाही मेमो नको.

आणि यामुळे कामगारकपात होणार असेल, तर बदलाची २१ दिवसांची नोटीस मागा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती कलम ९-अ मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती कलम ४० मध्ये आहे. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यांत्रिकीकरणावर करार केला, तो यंत्र समजून घेऊन केला.

उद्या पाळीवर गेलात की एवढेच करा : आपल्या गटाचे तीन आकडे आणि हाकेची मुदत कागदावर लिहून घ्या. ते आकडे कोणी भरले, हेही विचारा. बोलणी तेथूनच सुरू होतील.