अ‍ॅलिमनी म्हणजे आपली पोटगीच



टीव्हीवर कुणा नटाच्या घटस्फोटाची बातमी आली की 'अ‍ॅलिमनी' हा शब्द हमखास ऐकू येतो. इतके कोटी दिले, तितके कोटी घेतले. आपल्याला वाटतं, श्रीमंतांची भानगड, आपल्याला काय करायचंय!

पण शब्द अगदी घरगुती आहे. लॅटिन ही जुन्या रोमची भाषा. तिच्यात 'आलेरे' म्हणजे पोसणं, खाऊ घालणं. त्यावरून 'अलिमोनिया', आणि त्यावरून इंग्रजीत अ‍ॅलिमनी. आता आपला शब्द बघा, पोटगी. त्यात तर पोटच आहे.

इंग्लंडमध्ये पूर्वी नवरा-बायको वेगळी झाली, तर चर्चचं न्यायालय नवऱ्याला अ‍ॅलिमनी द्यायला लावी. का? तर लग्न झालं की बाईचे पैसे, तिची कमाई कायद्यानेच नवऱ्याची होई. तिच्या जमिनीचा कारभारही तोच बघे. 1870 आणि 1882 च्या कायद्यांनी हे बदललं. तोवर तिचं सगळं त्याच्या हाती, म्हणून तिला पोसणं त्याच्यावर बंधनकारक. त्यात उपकार कसला?

आपल्याकडे पोटगी मागणारीला लोक 'भीक मागते' म्हणतात, त्याचा मला फार राग येतो. पंधरा वर्षं सासरच्या रानात खुरपलं, धारा काढल्या, आणि सातबाऱ्यावर नाव त्याचं. मग भीक कशाची?

पोटगीसाठी घटस्फोट झालेलाच हवा, असंही नाही. नवरा ऐपत असून सांभाळत नसेल आणि तुमचं स्वतःचं भागत नसेल, तर अर्ज करता येतो. आधी यासाठी कलम 125 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आहे. मुलांसाठी आणि म्हाताऱ्या आईवडिलांसाठीही तेच. माहेरी राहत असाल तर तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, सासरच्या गावी खेटे घालायला नकोत. निकाल लागेपर्यंत अंतरिम पोटगीही मागता येते.

वकिलाच्या फीची धास्ती असते, माहीत आहे. तालुका विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जाताना लग्नाचा काही पुरावा, मुलांचे दाखले आणि नवऱ्याच्या जमिनीचा सातबारा उतारा घेऊन जा. उतारा काढायला त्याची परवानगी लागत नाही.