हातघडणीतले पाणी

हाताने घडवलेले भांडे वाळताना चिरले किंवा भट्टीत फुटले, की आपण घडवणाऱ्याच्या हाताला दोष देतो. सराव कमी पडला, चाक असते तर बरे झाले असते, असे म्हणतो. यातले चाकाचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. चाक आले साधारण सहा हजार वर्षांपूर्वी. जपानमधल्या जोमोन काळातले लोक त्याच्या कितीतरी आधीपासून मातीच्या वळ्या एकावर एक रचून भांडी करत होते, आणि चीनमधल्या शियानरेनदोंग गुहेतली खापरे तर सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची आहेत. इतका काळ चाकावाचून निभावला, याचा अर्थ भांडे टिकण्याचे मर्म दुसरीकडे आहे. मातीतले पाणी कुठून आणि किती वेगाने बाहेर पडते, यात ते आहे. हातकामातल्या बहुतेक युक्त्या या एकाच गोष्टीसाठी आहेत, असे माझे म्हणणे आहे.

चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म आणि पापुद्र्यासारखे चपटे असतात. त्यांच्यामधल्या पाण्याच्या थरामुळे ते एकमेकांवर सरकतात, म्हणून माती वळते. पाणी उडू लागले की कण जवळ येतात आणि भांडे आकसते. कण एकमेकांना टेकले की आकसणे जवळपास थांबते, मग आत पाणी उरलेले का असेना. सावलीची, ओलसर फडक्याची गरज म्हणूनच सुरुवातीला जास्त असते. नवी माती हाती आली की तिची पट्टी करून तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढावी आणि वाळल्यावर मोजावी. ९.५ भरली तर माती ५ टक्के आकसली. ९ च्याही खाली गेली तर ती फार चिकट आहे. तिच्यात चाळलेली वाळू किंवा कुटलेल्या खापरांची भरड घालावी. भरड स्वतः आकसत नाही आणि तिच्या कडेने पाण्याला वाट मिळते.

एवढे ध्यानात घेतले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कान किंवा मूठ जोडताना दोन्ही भाग सारखेच ओलसर हवेत, कारण ओला तुकडा जास्त आकसणार आणि सांधा ओढून काढणार. जोडायच्या जागी रेघोट्या माराव्यात, त्याच मातीचा पातळ चिखल लावावा, दाबावे आणि सांध्यावर बारीक वळी भरून घ्यावी. वळ्यांचे भांडे करताना प्रत्येक वळी आतून खालच्या वळीवर ओढून सांधावी. बाहेरून नुसते गुळगुळीत केले तर फट झाकली जाते, बुजत नाही. काठ पातळ आणि बूड जाड राहिले तर काठ आधी वाळतो. म्हणून काठावर फडके ठेवावे आणि भांडे थोडे घट्ट झाले की पालथे घालावे. बूड थापून दाबण्याचा कंटाळा मात्र करू नये. तळाच्या चिरा बहुधा तिथूनच येतात.

यावर एक आक्षेप हमखास येतो: भट्टीत भांडे फुटते ते मातीत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांनी, म्हणून तर माती इतकी मळायची. मळलीच पाहिजे, पण कारण वेगळे आहे. मळल्याने ओल आणि भरड सगळीकडे सारखी होते, बुडबुड्यांपाशी राहणारी कच्ची जागाही जाते. भांड्याच्या चिंधड्या उडवते ती मात्र वाफ. पूर्ण वाळलेल्या भांड्यात बुडबुडा असला तरी ते सहसा धडपणे भाजून निघते. ओल राहिलेले जाड भांडे बुडबुडा नसतानाही फुटते. वाळले की नाही हे पाहायला गालाला लावावे, गार लागले तर अजून पाणी उडते आहे. त्यानंतरही १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आच मंदच ठेवावी. पुढे साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या कणांच्या रचनेतच बांधलेले पाणी सुटते. शुद्ध केओलिन मातीमध्ये ते वजनाच्या जवळपास १४ टक्के असते. यानंतर माती पुन्हा भिजवली तरी तिचा चिखल होत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गावाकडचा कुंभार उघड्या आव्यात गोवऱ्या आणि लाकडाच्या आचेवर भराभर भाजतो, मग एवढी सावकाशी कशासाठी? त्याची सावकाशी आवा पेटण्याआधीच होऊन गेलेली असते. मातीत राख, लीद, वाळू मिसळलेली असते. लीद जळून जाते आणि सूक्ष्म पोकळ्या मागे ठेवते. शिवाय चाकावर उतरवलेल्या माठाचे पोट तो आत गोल दगड धरून बाहेरून लाकडी थापीने ठोकत वाढवतो, त्यामुळे भिंत पातळ आणि सारखी होते. म्हणजे चाकाच्या माठातही निम्मे काम हाताचेच! मणिपूरमधल्या लोंगपीचे कारागीर तर चाक वापरतच नाहीत. ते मातीत सर्पेंटिनाइट दगडाची पूड मिसळतात, आणि ती काळी भांडी चुलीवर स्वयंपाकालाही चालतात. घरी विजेची भट्टी असलेल्याने मात्र कुंभाराचा वेग उचलू नये. बाजारातली तयार मऊ माती भरड नसलेली असते, आणि तिची जाड भिंत एका रात्रीत वाळत नाही.