सीझन संपला, हे ठरवायचं कोणी?

तुमच्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी फोनवर सांगितलं होतं, "आमच्यातले बरेच जण टोबरमोरीला डाइव्हिंगला जातात, पण हिवाळाभर सामानाकडे कोणी बघत नाही. त्यावर बोला." म्हणून रेग्युलेटर म्हणजे काय, बीसीडी कशाला लागतं, हे सांगत बसत नाही.

मला राग आहे तो एकाच गोष्टीचा : सीझन संपल्याची तारीख इथे कोणी ठरवतच नाही. आमच्या मालवणात सीझन तारखेने बंद होतो. मे संपत आला की पर्यटकांच्या बोटी थांबतात, १ जूनपासून मासेमारीलाही बंदी. होड्या ओढून वर घेतात, झापांनी शाकारतात. हल्ली झापांच्या जागी निळं प्लास्टिक आलंय, ते असो. 'आणखी एकदा जाऊन येऊ' म्हणायला तिथे वावच नाही, दर्या ऐकत नाही. मग सामानही तेव्हाच धुऊन निघतं. तुमच्या ऑन्टारियोत सप्टेंबरात एक डाइव्ह होते, 'ऑक्टोबरात बघू' म्हणून ओली बॅग गाडीच्या डिकीत राहते, मग मंडळाची दिवाळी येते (हशा), मग बर्फ. ती डाइव्ह शेवटची होती हे कळायला डिसेंबर उजाडतो! तेव्हा तारीख आधीच ठरवा. थँक्सगिव्हिंगचा सोमवार धरा. नंतर जायचं झालंच तर खुशाल जा, आल्यावर पुन्हा धुवा.

बीसीडी बाहेरून सगळेच धुतात. आत गेलेल्या पाण्याचं काय? इन्फ्लेटरच्या तोंडातून गोडं पाणी आत भरा, खळखळवा, उलटं करून काढा, दोन-तीनदा. समुद्रावरून आलात तर त्याच दिवशी. दुधाचं पातेलं लगेच विसळलं तर निघतं, वाळलं की घासत बसावं लागतं, मिठाचंही तसंच. मग थोडी हवा भरून ठेवा, म्हणजे आतल्या भिंती चिकटत नाहीत. रेग्युलेटर भिजवताना डस्ट कॅप कोरडी आणि घट्ट हवी, आणि पर्जचं बटण दाबायचं नाही. दाब नसताना दाबलं की पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये.

इथे मागून प्रश्न आला : "आमचं तळ्याचं गोडं पाणी. धुवायचं कशाला?"

मीठ नाही, कबूल. पण झेब्रा शिंपले आहेत. १९८८ मध्ये ते लेक सेंट क्लेअरमध्ये सापडले आणि आता ग्रेट लेक्सच्या बुडालेल्या जहाजांवर त्यांचे थर आहेत. पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत. तुमच्या बुटातल्या पाण्यातून ती पुढच्या तळ्यात जातील. म्हणून धुवा, पाणी पूर्ण काढा, खडखडीत वाळवा. पण उन्हात नव्हे, सावलीत.

ठेवायचं कुठे? मालवणात आमचा शत्रू ओल आणि बुरशी. इथे थंड गॅरेजमध्ये राहिलेलं पाणी गोठून फुगतं, आणि बेसमेंटमध्ये लोक नेमकं फर्नेसशेजारी टांगतात. उष्णता आणि मोटरीतून निघणारा ओझोन, दोन्हींनी रबराला चिरा जातात. लांबच्या भिंतीला टांगा. वेटसूट रुंद हँगरवर, घडी नको. पारदर्शक मास्क काळ्या रबराला टेकवू नका, पिवळा पडतो.

एका काकूंनी विचारलं, मालवणात भाड्याने देतात ते तोंडात धरायचं असतं, ते धुतात का? विषय सोडून होतं, पण प्रश्न रास्त. समोर धुवून घ्या, सांगायला लाजू नका. त्याहून बरं म्हणजे आपला माउथपीस खिशात न्या. एका झिप टायने बसतो.

सिलिंडर पूर्ण रिकामा करू नका. तीनेकशे पीएसआय राहू द्या, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. उभा ठेवा, पडणार नाही असा. "भरलेला ठेवला तर वसंतात तयार," असं एकजण म्हणाले. स्टीलचा असेल आणि आत ओल राहिली असेल, तर गंज त्याच हवेतला ऑक्सिजन खातो. दिसायला भरलेला, श्वासाला अपुरा. वसंतात जुनी हवा सोडून द्या, नवी भरा.

आणि रेग्युलेटर सर्व्हिसिंगला जानेवारीत टाका. मे महिन्यात दुकानात तुमच्याआधी सगळं टोरांटो उभं असतं.