आडनावांचा क्रम आणि मतभेदाचा प्रसंग

स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात. परंपरेने पहिले पित्याकडून आलेले, दुसरे मातेकडून. वरवर पाहता ही समानताच. परंतु पुढच्या पिढीकडे सहसा पहिलेच आडनाव जाते आणि आजीचे आडनाव नातवंडांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणूनच क्रमाला महत्त्व.

१९९९च्या कायद्याने हा क्रम ठरविण्याची मुभा आईवडिलांना दिली. एकमत न झाल्यास मात्र पित्याचेच आडनाव प्रथम लागे. खरी मेख येथेच होती. पतिपत्नी एकविचाराने वागतात त्या घरात कायद्याचे काम पडतेच कुठे? आणि संमतीवाचूनही ज्याचा आग्रह सिद्धीस जाणार, त्याने संमती मागावी कशाला?

नव्या नोंदणी कायद्याच्या मसुद्यात अशा वेळी वर्णानुक्रम लावावा, असे सुचविले गेले. तसे झाले असते तर वर्णमालेच्या अखेरची आडनावे कालांतराने नामशेषच व्हायची! ती सूचना मागे पडली. २०११च्या कायद्यानुसार एकमत नसल्यास नोंदणी अधिकारी बालकाचे हित पाहून क्रम ठरवितो. ही तरतूद ३० जून २०१७ पासून अमलात आली. पहिल्या अपत्याचा क्रमच पुढील भावंडांना लागतो. जुना नियम भेदभावाचा होता, असा निर्वाळा युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०२१मध्ये दिला.

महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावयाचे आहे. ते आडनाव कोणाचे, हा प्रश्न अद्याप तसाच आहे.