मूळ वेतन कोणत्या साली ठरले?



परिषदेच्या अध्यक्षाने भाषणात साऱ्या अर्थव्यवस्थेवरून एक फेरी मारून यावी, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो मी आज मोडणार आहे. मला एकच प्रश्न मांडायचा आहे: आपल्या देशात किमान वेतन वाढते, तेव्हा नेमके काय वाढते?

महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून, विशेष भत्त्याचे नवे दर लागू होतात. उद्योग, परिमंडळ, कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारी आणि तिच्यापुढे आकडे. किमान वेतन वाढल्याची बातमी छापून येते. प्रत्यक्षात वाढलेला असतो तो फक्त भत्ता, तोही महागाईचा निर्देशांक चढला असेल तेवढाच. त्याने कामगाराच्या घरात जास्त काही येत नाही. आहे त्यात फार घट होत नाही, इतकेच. वाढ म्हणावी अशी वाढ मूळ वेतनात व्हायची असते, आणि घोडे पेंड खाते ते तिथेच.

याचे मूळ कायद्यात आहे. किमान वेतनाचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात मांडले ते तेव्हाचे मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. १९४८ साली त्याचा कायदा झाला. दरांचा फेरविचार जास्तीत जास्त पाच वर्षांत करावा, असे त्याचे कलम ३ सांगत होते. हे वाचून समाधान वाटावे, तोच खाली परंतुक भेटत होते: पाच वर्षांत फेरविचार झाला नाही तरी सरकार तो नंतर करू शकते, आणि तोवर जुनेच दर चालू राहतील. म्हणजे उशीर करणाऱ्याला शिक्षा नव्हती, आणि उशिराची भरपाईही कोणाला नव्हती. वकील मंडळींना यात काही वावगे दिसत नाही. जुना दरही रद्द झाला तर कामगार उघड्यावर पडेल, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो खोटा नाही. पण याच सोयीच्या आधारे अनेक उद्योगांत आणि अनेक राज्यांत मूळ दर वर्षानुवर्षे तसेच पडून राहिले, आणि सहामाही भत्ता ही त्याची सबब झाली. ‘दर वाढवतोच आहोत की’ असे म्हणायला सरकार मोकळे.

मूळ दर ठरवायचा कसा, याचे उत्तर १९५७ पासून आपल्यापाशी आहे. दिल्लीच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने चक्क घरखर्चाचा हिशेब मांडला. एका कमावत्यामागे तीन उपभोग एकके, प्रौढाला दिवसाला २७०० उष्मांक, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक गृहयोजनेच्या पायरीचे घरभाडे, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ साली राप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी २५ टक्के घातले. ही यादी जुनी आहे. तीन एककांत बायकोचा वाटा नवऱ्यापेक्षा कमी धरला आहे, आणि म्हातारे आईवडील तर हिशेबातच नाहीत. तरीही मला तिचे मोल वाटते, कारण ती गरजेपासून सुरू होते. निर्देशांक गरज विचारत नाही. कालच्या खर्चाला आजचा भाव लावतो.

आणि हा निर्देशांक तरी निर्विवाद कुठे आहे? मुंबईच्या जुन्या पिढीला १९६३ आठवत असेल. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर बेतला होता, तो तीस वर्षांपूर्वीच्या घरखर्चाच्या पाहणीवर उभा होता. भाव चढतात आणि आकडा मागे राहतो, अशी ओरड कामगार संघटनांनी केली आणि राज्य सरकारला अर्थशास्त्रज्ञ डॉ. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. निर्देशांकात खोट असल्याचे समितीला आढळले. संख्याशास्त्राच्या प्रश्नावर मुंबईचा कामगार पेटून उठला, हे आमच्या विद्यार्थ्यांना सांगितले तर खरे वाटत नाही.

आज वाद उठत नाही, पण विषय तोच आहे. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात २००१ च्या मालिकेत अन्नपदार्थांचा भार ४६.१९ टक्के होता. २०१६ च्या मालिकेत तो ३९.१७ झाला. सरासरी कामगारासाठी हे बरोबर असेलही. सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईच्या किंवा सोसायटीच्या फाटकावर बारा तास उभ्या असलेल्या रखवालदाराच्या घरात मात्र पगाराचा मोठा वाटा अजून किराण्यातच जातो. डाळ, तेल, भाजी कडाडली की त्यांचा भत्ता त्यांच्या महागाईच्या मागे पडतो.

आता देशपातळीवर या. १९९६ साली राष्ट्रीय तळरेषा वेतन ठरले, रोज ३५ रुपये. २०१७ मध्ये ते १७६ झाले. वीसेक वर्षांत पाचपट! पण त्याच काळात औद्योगिक कामगारांचा निर्देशांक जवळपास चौपट झाला. खरी वाढ काय ती उरलेली. आणि २०१७ नंतर तर आकडा थिजलाच. २०१९ साली अनूप सत्पथी समितीने ३७५ रुपये सुचवले, ते स्वीकारले गेले नाहीत. दरम्यान निर्देशांक २०१७ च्या दीडपटीच्या आसपास गेला, म्हणजे ते १७६ रुपये आज तेव्हाच्या सुमारे १२० रुपयांइतकेच.

१९८२ च्या आशियाड बांधकामाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी मजुरी म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २३ खालची वेठबिगारी, असे सांगितले. मग किमान दरच दहा वर्षांचा शिळा असेल, तर नियमाप्रमाणे पूर्ण पगार देणारा मालक काय करतो आहे? हा प्रश्न मालकावर उगारायला मी आलेलो नाही. भिवंडीच्या छोट्या यंत्रमागवाल्यालाही साचलेली वाढ एकदम आली की ती झेपत नाही. तो न्यायालयात जातो, स्थगिती मागतो, आणि आणखी काही वर्षे जातात. लहान, वेळच्या वेळी होणाऱ्या वाढी त्यालाही परवडतील.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. किमान वेतन आता अनुसूचित उद्योगांपुरते राहिले नाही, आणि तळरेषेला कायद्याचे बळ मिळाले. हे चांगले झाले. पण फेरविचाराच्या कलमात पाच वर्षांच्या मुदतीआधी ‘सामान्यतः’ आले आहे. जुन्या परंतुकाचाच हा धाकटा भाऊ.

परिषदेपुढे माझ्या दोनच सूचना आहेत. विशेष भत्त्याच्या प्रत्येक अधिसूचनेत, प्रत्येक उद्योगापुढे, त्याचे मूळ वेतन कोणत्या साली ठरले ते साल छापावे, अशी मागणी आपण राज्य सरकारकडे करावी. त्याला फार तर एक रकाना लागेल. आणि पंधराव्या श्रम परिषदेच्या धर्तीवरचा घरखर्चाचा हिशेब आपल्या जिल्हा शाखांनी दर वर्षी स्वतः मांडावा: भाडे, रिक्षा, क्लासची फी, मोबाइलचा रिचार्ज, सगळे धरून. किमान वेतन सल्लागार मंडळाच्या बैठकीत मालकांचे प्रतिनिधी आकडे घेऊन येतात. दुसऱ्या बाजूने बहुतेकदा निवेदनच येते. पहिल्या पाहणीसाठी सोलापूर, भिवंडी आणि इचलकरंजी ही नावे मी सुचवतो. प्रश्नावलीचा कच्चा मसुदा कार्यवाहांकडे दिला आहे. दुपारच्या सत्रात त्यावर चर्चा व्हावी.