मिलिमीटरच्या आधी टॉर्च



मी डोळ्यांचा डॉक्टर. रेडिओथेरपीवाल्यांच्या मांडवात यजमान म्हणून उभा राहिलो, त्याला कारण आहे. डोळ्याच्या नसेच्या आवरणावरचा मेनिन्जिओमा तुमच्याकडे येतो तो आमच्या ओपीडीतून, आणि बहुतेकदा उशिरा. गाठ सहसा साधी, वाढते हळू, दुखत नाही. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई एका डोळ्याने अंधुक दिसतं म्हणून येते. आम्ही चष्म्याचा नंबर बदलतो. काही महिन्यांनी पुन्हा तेच. टॉर्च या डोळ्यावरून त्या डोळ्यावर नेला असता तर बाहुलीने केव्हाच चुगली केली असती. पण गर्दीत तेवढं राहून जातं.

गाठ कापायला जावं, तर नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही जातात आणि उरलीसुरली नजर संपते. म्हणून आज पहिली पसंती तुमच्या किरणांना. रोज १.८ ग्रे, २८ ते ३० वेळा, एकूण ५०.४ ते ५४ ग्रे. हप्त्याहप्त्याने दिलेलं एवढं नस सोसते. एकाच दिवशी द्यायचं तर ८-१० ग्रेलाच हात आखडावा लागतो.

आता थोडं आगाऊ बोलतो. परिषदांत यंत्रांचं कौतुक भरपूर होतं. खारघरला २०२३पासून प्रोटॉन उपचारही सुरू झाले, आनंदच आहे. पण गरम पाण्यातून काढलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवली की कवटी जागची हलत नाही. डोळा मात्र हलतो. तो फिरला की त्याच्या मागची नसही सरकते, आणि आपण इथे मिलिमीटर मोजतोय! "ताई, समोरच बघत राहायचं हं," असं समजावणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टचं नाव शोधनिबंधात क्वचितच येतं. म्हणून पहिलं सत्र त्यांना दिलंय. स्वागत समितीत वाद झाला, मी हटलो नाही.

लहान मुलांत याच नसेत होणाऱ्या ग्लायोमाच्या गाठीची गोष्ट निराळी. तिथे आधी औषधं, किरण होता होईल तो लांबवायचे. त्यावर दुपारी बोलणं होईल.

तरुण नेत्रतज्ज्ञांचं नोंदणीशुल्क आम्ही मुद्दाम माफ केलंय. त्यांना शेजारी बसवा, एमआरआयमधल्या नसेच्या दोन्ही कडांच्या त्या रुळांसारख्या पांढऱ्या रेषा दाखवा. चहा मागच्या व्हरांड्यात आहे; जाळीच्या त्या मास्कचं प्रात्यक्षिक तळमजल्यावर, बरोबर अकराला.